गैरसोळ

आमच्या पहिल्या अल्बमचं नाव 'गैरसोळ' आहे. शेवटचं अक्षर ळ. हे मला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, कारण ज्याच्या ज्याच्या हातून हे नाव गेलं त्या प्रत्येकानं ते सुधारायचा प्रयत्न केला. गाणी इंटरनेटवर चढवून देणाऱ्या मुलीनं फोन करून हळूच विचारलं, "ताई, स्पेलिंग मिस्टेक आहे का?" पोस्टर छापणाऱ्यानं तर विचारलंही नाही. परस्पर 'गैरसोय' छापून मोकळा झाला, आणि वर मलाच म्हणाला, की तुम्ही रॅपवाली पोरं, तुमचं शुद्धलेखन कच्चं असणार म्हणून मीच दुरुस्त करून घेतलं. मी त्याला सगळी पोस्टरं पुन्हा छापायला लावली. तो अजून माझ्याशी तोंड फिरवून बोलतो. बोलू दे. ती चूक माझ्या बाबांची आहे, आणि तिला हात लावलेला मी खपवून घेत नाही.

बाबा अमरावतीच्या बसस्टँडवर कंट्रोलर होते. काचेच्या खोलीत बसायचं, गाड्या फलाटाला लावायच्या, ड्रायव्हर-कंडक्टरांची कुरबुर ऐकायची आणि माइकवरून पुकारा करायचा. यातली पुकारा सोडून बाकीची कामं ते पगारासाठी करत. पुकारा ते स्वतःसाठी करत. "वलगाव, आसेगाव, परतवाडा, सेमाडोह, हरिसालमार्गे धारणीला जाणारी गाडी फलाटावर लागत आहे..." परतवाड्यापर्यंत आवाज सपाट जमिनीवर असायचा, आणि पुढे घाट लागतो म्हणून की काय, सेमाडोहपासून तो चढायला लागायचा. मी लहानपणी शाळा सुटल्यावर त्या खोलीत बसून गृहपाठ करायची. लोक मला विचारतात, रॅप कुठे शिकलीस? मी सांगते, बसस्टँडवर. त्यांना वाटतं मी टवाळी करते आहे.

आता त्या ळचं सांगते. आम्हा वऱ्हाडी माणसांच्या जिभेला ळ वळत नाही, त्याचा य होतो. डोळे म्हणजे डोये, शाळा म्हणजे शाया, काळी माती म्हणजे कायी माती. बाबा नोकरीत नवे असताना त्यांनी माइकवरून "सकायची गाडी" असा पुकारा केला, तेव्हा दुसरीकडून बदलून आलेल्या एका साहेबांनी त्यांना सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. य नाही, ळ म्हणा. माइकवर शुद्ध बोला. बाबांनी ते फारच मनावर घेतलं. माइकचं बटण दाबलं की त्यांची जीभ दिसेल त्या यला धरून त्याचा ळ करायला लागली. सकाय सुधारून सकाळ झाली, वेय सुधारून वेळ झाली, मेयघाटाचा मेळघाट झाला. पण ज्या शब्दांत मुळातच य होता, तेही बिचारे त्या झपाट्यात सापडले. गाडी उशिरा असली की स्टँडभर आवाज घुमायचा, "प्रवाशांना झालेल्या गैरसोळीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

साहेब तोवर बदलून गेले होते. बाकीच्यांना गंमत वाटत होती, त्यामुळे कोणी काही बोललं नाही. आणि गाड्या उशिरा यायच्याच, त्यामुळे हा शब्द रोज कानावर पडायचा. कॉलेजची पोरं फलाटावर उभी राहून बाबांच्या आवाजात आवाज मिसळून म्हणायची. चहावाल्याकडे चहा संपला की तोही म्हणायचा, गैरसोळीबद्दल दिलगीर आहोत. माझ्या शाळेत माझं नावच गैरसोळ पडलं होतं. एकदा एका पोरीच्या वेणीला मी अशी लोंबकळले की बाईंना येऊन माझी बोटं सोडवावी लागली.

गंमत अशी, की घरात बाबांच्या तोंडून हा शब्द कधी चुकत नसे. पाहुणे आले की हमखास विचारत, "झोपाची सोय झाली का?" सोय. अगदी स्वच्छ. घरी ते वऱ्हाडी बोलत आणि वऱ्हाडीत य हा यच असतो. चुकायचं ते फक्त बटण दाबल्यावर, शुद्ध बोलायला गेल्यावर. मी आईला म्हटलं होतं, त्यांना सांगून टाकू. आई पोळी लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "काहून सांगा? त्याइले माइकवर बोलनं लय आवडते. सांगतलं तं मंग बोलतानी भेतीन." म्हणून आम्ही सांगितलं नाही. ते निवृत्त झाले तोवर स्टँडवर रेकॉर्ड केलेला एका बाईचा आवाज आला होता. तिचं सगळं शुद्ध आहे. फक्त तिला स्वतःला कुठेच जायचं नाही, हे ऐकताना लगेच कळतं.

आमचा ग्रुप तिघांचा. मी अमरावतीत एका क्लासमध्ये गणित शिकवते. दुसरा अकोल्याचा, त्याच्या घरचं गाद्या-रजयांचं दुकान आहे, म्हणून आम्ही त्याला गादीवालाच म्हणतो. तिसरा धारणीकडचा, तो गाण्यांचे बीट म्हणजे ठेके बनवतो आणि बोलायचं काम आमच्यावर सोपवतो. आम्ही भेटलो अकोल्यातल्या एका रॅप स्पर्धेत. तिघंही पहिल्याच फेरीत बाद झालो, कारण परीक्षकांना आमची भाषा कळली नाही. बाहेर येऊन नाश्ता करताना आम्ही एकमेकांची गाणी ऐकली आणि आम्हाला ती व्यवस्थित कळली. अल्बम करायचं तिथेच ठरलं.

अल्बम झाला तो गादीवाल्याच्या दुकानामागच्या खोलीत. कापसाच्या मुलखात याहून चांगला स्टुडिओ कोणाला मिळणार? चारी भिंतींना गाद्या उभ्या करून ठेवलेल्या, दाराला रजया लटकवलेल्या. बाहेर रस्त्यावर कितीही हॉर्न वाजोत, आत चिडीचूप. त्रास एकच, कापसाचं बारीक तूस नाकात जायचं. पहिल्या गाण्यात एका जागी माझा ठेका अडखळतो आणि लोकांना ती मोठी कारागिरी वाटते. ती दाबलेली शिंक आहे. शुक्रवारी दुकान बंद असे, म्हणून मी दर शुक्रवारी बडनेरा, मूर्तिजापूर करत बसनं अकोल्याला जायची. शीर्षकगीत मीच लिहिलं होतं.

"मले इचारू नोको माहं गाव कोन्तं,
माह्या बापाच्या तोंडी सारं वऱ्हाड होतं."

आणि मग आम्ही तिघांनी मिळून ओरडायचं: गैरसोळ, गैरसोळ! बाबांना मी अल्बमबद्दल सांगितलं होतं, नाव सांगितलं नव्हतं. वेळ आली की बघू, असं मी मनाशी म्हणत होते.

त्याच सुमारास बाबांचा आवाज बसला. आम्ही आधी सर्दी म्हटलं, मग वय म्हटलं. तंबाखू-सुपारीच्या खर्र्याबद्दल कोणी काही म्हटलं नाही, कारण बाबा तो आयुष्यभर खात आले होते आणि त्यावरची भांडणंही आता जुनी झाली होती. नागपूरच्या डॉक्टरांनी सगळं तपासून सांगितलं, की घशात गाठ आहे आणि ती साधी नाही. स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल.

"पूरा जाईन का?" बाबांनी विचारलं.

"पूर्ण," डॉक्टर म्हणाले.

परतीच्या बसमध्ये बाबा खिडकीशी बसले होते. तळेगाव आलं तेव्हा ते घोगऱ्या आवाजात पुटपुटले, "तयेगाव." मग तिवसा. मग मोझरी. मी विचारलं, काय करता? ते म्हणाले, "काई नाई वं. जेवढे रस्त्यात येतेत तेवढे पुकारून घेतो." मी पुढच्या सीटच्या दांडी घट्ट धरून नांदगाव पेठेपर्यंत रडत होते, आणि बाबा आपल्याला दिसत नाही असं दाखवत बाहेर बघत होते.

ऑपरेशनला काही आठवडे होते. बाबांचा आवाज अल्बममध्ये असायलाच हवा, याशिवाय मला दुसरं काही सुचेना. त्यांना कसं विचारावं याची मी मनात जुळवाजुळव करत होते, तोवर गादीवाला त्यांना भेटायला अमरावतीला आला. सोबत नवीकोरी रजई आणली होती. बसला, पाणी प्यायला आणि मोठ्या प्रेमानं म्हणाला, "चाचा, वो गैरसोळवाली लाइन तो आपकेच आवाज में होना. पूरी अमरावती को याद है. अल्बम का नाम भी वहीच रखा."

"कोन्ती लाइन?" बाबांनी विचारलं.

"वोच, गैरसोळ!"

"हो, मंग? त्यात याद ठेवन्यासारखं काय हाय?"

गादीवाल्यानं माझ्याकडे बघितलं. आपण काहीतरी फोडलं आहे हे त्याला कळलं, पण काय ते कळलं नाही. बाबांना मात्र कळत चाललं होतं. त्यांनी तो शब्द मनातल्या मनात म्हणून बघितला, ओठ हलताना मला दिसले. मग मला विचारलं, "पोरी, सोय म्हनतेत का सोळ?"

मी म्हटलं, "सोय, बाबा."

"स्टँडवर साऱ्याइलेच माहीत होतं?"

"हो."

"तुह्या मायलेबी?"

स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली. बाबा उठले, रजईची घडी उगाच सरळ केली आणि आतल्या खोलीत गेले. त्यानंतर ते बोलेनासे झाले.

डॉक्टरांनी आवाज न्यायच्या आधीच त्यांनी तो स्वतः मिटवून ठेवला होता. जेवायला मान हलवून हो, चहाला मान हलवून नाही. जे दिवस उरले होते ते असे चालले होते, आणि मी घरात तळमळत होते. मला गादीवाल्याचा राग आला, त्या जुन्या साहेबांचा आला, फलाटावरच्या त्या सगळ्या पोरांचा आला. सगळ्यात जास्त बाबांचा आला. एका अक्षरासाठी माणसानं एवढं रुसावं? मग वाटायचं, आपल्या आयुष्यातली सगळ्यात आवडती गोष्ट गावासाठी थट्टा होती हे या वयात कळल्यावर कोण बोलेल? आई रोज संध्याकाळी त्यांच्यासमोर बसायची. "बोला नं जी काही," म्हणायची. "भांडा तं भांडा." ते तिच्याकडे बघायचे आणि पुन्हा भिंतीकडे.

मग एका सकाळी आई धुणं वाळत घालायला गच्चीवर गेली आणि कपडे तसेच बादलीत घेऊन खाली आली. पदर तोंडाला लावलेला. मला वाटलं रडते आहे. नीट बघितलं तर हसतही होती. "वर जाय," म्हणाली, "आवाज करू नोको."

मी जिन्यात उभी राहून ऐकलं. पाण्याच्या टाकीमागे बाबा उभे होते आणि त्या घोगऱ्या, तुटलेल्या आवाजात म्हणत होते, "सोय. सोयी. गैरसोय. गैरसोयीबद्दल." थोडं थांबून पुन्हा, "गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत." शाळेतलं पोर पाढे म्हणतं तसं. मी तशीच पायरीवर बसून राहिले.

शुक्रवारी मी निघाले तेव्हा ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून दारात तयार होते. "चाल," म्हणाले, "अकोल्याले."

दुकानात शिरल्यावर गादीवाला त्यांच्या पाया पडायलाच निघाला होता, त्यांनी त्याला हातानं थोपवलं आणि पाठीवर थाप मारली. मागच्या खोलीत गाद्यांच्या मधे स्टूल ठेवून आम्ही त्यांना बसवलं. त्यांनी माइक सगळ्या बाजूंनी बघितला.

"याचं बटन कुठी हाय?"

"बटन नहीं है, चाचा. चालूच है. आप बोलो."

बाबांनी घसा साफ केला, तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. बोलता येईना. बटण दाबल्याशिवाय त्यांनी उभ्या जन्मात पुकारा केला नव्हता. धारणीवाला उठला, बाहेर गेला आणि दुकानाच्या दाराचं जुनं, बदलून टाकलेलं घंटीचं बटण घेऊन आला. कुठेच न जोडलेलं. त्यानं ते बाबांच्या हातात ठेवलं आणि म्हणाला, "धारणीची गाडी पुकारा, काका. होस्टेलातून घरी जाताना तुमच्याच आवाजावर धावायचो मी." वर्षभरात मी त्याच्या तोंडून ऐकलेलं हे सगळ्यात मोठं वाक्य होतं.

बाबांनी बटण दाबलं. पाठ आपोआप ताठ झाली. "वलगाव, आसेगाव, परतवाडा, सेमाडोह, हरिसालमार्गे धारणीला जाणारी गाडी..." आवाज फाटका होता, पण सेमाडोहला तो चढला. चढताना त्यांना त्रास होत होता हे मला दिसत होतं. मग त्यांनी क्षणभर श्वास घेतला. "गाडीला उशीर झाल्यामुळे प्रवाशांना झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

य. स्वच्छ, ठसठशीत य. बटण सोडून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बराबर?"

"एकदम बरोबर, बाबा," मी म्हटलं.

त्यांच्या पाठीमागे उभा राहून गादीवाला कपाळाला हात लावत होता आणि बोटानं हवेत ळ काढून दाखवत होता. त्याचंही खरं होतं. सगळं गाणं त्या ळवर उभं होतं. ओळ, घोळ, टोळ, पुढच्या कडव्यांतली सगळी यमकं तिथेच येऊन टेकत होती. मी त्याला मान हलवून ठाम नाही म्हटलं. हळू आवाजात म्हटलं, गाणं बदलू, नाव बदलू, अल्बम पुढे ढकलू, पण यांना पुन्हा म्हणायला लावायचं नाही.

त्या खोलीत हळू आवाज लपत नाही, एवढं माझ्या ध्यानात राहिलं नाही. बाबा वळले. "नाव काहून बदलवता?"

मी गाण्याच्या वहीची पानं उलटायला लागले. तेच म्हणाले, "नोको बदलवू. माहा आवाज तं चाललाच हाय. चूक तं राहू दे."

"बाबा, लोक हसायचे तुम्हाला."

"मले समजलं नं आता ते. लय वाईट वाटलं." त्यांनी हातातलं बटण उलटंपालटं केलं. "पन सोय तं सारेच म्हनतेत, पोरी. सोळ मीच म्हनलं."

गादीवाल्यानं संधी साधली. "तो फिर चाचा, एक बार आपके आवाज में..."

"नाई," बाबा म्हणाले. "आता मी बराबरच म्हनीन. तुमी चूक म्हना."

म्हणून अल्बममध्ये ते तसं आहे. आम्ही तिघं बेंबीच्या देठापासून ळ ओरडतो, आणि शेवटी एक म्हातारा, घोगरा आवाज शांतपणे य म्हणतो. लोकांना वाटतं हे आम्ही फार विचार करून केलं. मी आता त्यांना काही समजावत नाही.

पण गाणं तिथे संपत नाही. बाबांनी हातातलं बटण बाजूला ठेवलं, म्हणजे त्यांच्या हिशेबी माइक बंद झाला. खांदे सैल सोडले, शर्टावरचं कापसाचं तूस झटकलं आणि घरच्या आवाजात म्हणाले, "पोट्टेहो, जेवाची काय सोय हाय? भूक लागली मले." धारणीवाल्यानं रेकॉर्डिंग थांबवलेलं नव्हतं. गादीवाल्याच्या अम्मीनं पाठवलेला डबा आम्ही तिथेच गाद्यांवर बसून खाल्ला, आणि बाबा पोटभर बोलले. रुसव्यात साठवलेलं सगळं बोलले. परतवाड्याच्या एका ड्रायव्हरची गोष्ट सांगताना तर उठून उभे राहिले. मी काही रेकॉर्ड करायला सांगितलं नाही. ऐकत बसले.

ऑपरेशन झालं. जीव वाचला. डॉक्टरांनी सांगितलं तसंच झालं, आवाज पूर्ण गेला.

अल्बम आला तेव्हा बाबा घरी परतले होते, गळ्याला पट्टी होती. मी त्यांच्या कानात इयरफोन घातले आणि समोर बसले. गैरसोळ, गैरसोळ सुरू झालं तसे त्यांनी डोळे मिटले. स्वतःचा पुकारा आला तेव्हा बोटानं खाटेच्या पट्टीवर गावं मोजली. मग ते जेवणाचं वाक्य आलं. ते आत ठेवलं आहे हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी एकदम डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि त्यांची छाती गदागदा हलायला लागली. मी घाबरून उठले. ते हसत होते. आवाज नसलेलं हसू मी पहिल्यांदा बघत होते.

त्यांच्यासाठी पाटी आणून ठेवली आहे, ती त्यांना आवडत नाही. घशाशी धरून बोलायचं एक यंत्र असतं म्हणतात, त्याचं नंतर बघू असं हातानं खुणावतात आणि बघत नाहीत. पण फोन वापरायला ते माझ्याकडून शिकले. जेवायची वेळ झाली की खाटेवर बसल्या बसल्या ते फोन काढतात, गाणं शेवटाला नेतात आणि बटण दाबतात. साऱ्या घरात आवाज घुमतो, "पोट्टेहो, जेवाची काय सोय हाय? भूक लागली मले."

पहिल्या दिवशी आईच्या हातातून वरणाची वाटी खाली पडली होती. ती तिथेच ओट्याला टेकून किती तरी वेळ रडली. आता तिला सवय झाली आहे. ती आतूनच ओरडते, "वाढून राह्यली नं जी! दम धरा जरासा. आन् आवाज कमी करा तुमचा."

बाबा आवाज आणखी मोठा करतात.